नांदेडचे अर्धवट निरोप

"मॅडम, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय," पुण्याचा प्रोग्रॅमर फोनवर म्हणाला आणि रिसीव्हर आपटावा असं मला वाटलं. त्या पावसाळ्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यानं तोंड उघडायच्या आधीच ते मला ऐकू यायचं. त्याच्याकडे चालणारच होतं. त्याच्या टेबलावर एक मोडेम होता आणि तो स्वतःच्याच मोबाइलवर पाच-सात निरोप पाठवून बघत होता. आमच्याकडे लातूर आणि नांदेड, दोन्ही गावांतल्या वर्गांचे निरोप रोज शेकड्यांनी जायचे.

मी तेव्हा लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये नोकरीला होते. नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं होतं. बरोबरच्या मुली पुण्याला गेल्या, एक-दोघी तर बंगळूरला. मी आईच्या आजारपणामुळे परत आले. गल्लीतली माणसं विचारायची, "इंजिनिअर होऊन क्लासमधी काय करून राहिली?" वडील शाळामास्तर होते, त्यांच्याजवळ उत्तर तयार असायचं: "पगार घेऊन राहिली." आणि विषय संपायचा.

ते दिवस लातूरला क्लासच्या लाटेचे होते. भूकंपानंतर ज्यांनी ज्यांनी घरं नव्यानं बांधली, त्यांनी वर दोन खोल्या जास्तीच्या काढल्या होत्या, आणि त्या सगळ्या आता विद्यार्थ्यांनी भरल्या होत्या. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या दारावर 'मुलींसाठी रूम मिळेल' अशी पाटी होती. मेसचे डबे सायकलींना लटकून फिरायचे. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं चालताना सुद्धा काहीतरी पुटपुटत चालायची.

क्लासच्या मालकांना सगळे 'सर' म्हणायचे, त्यांच्या घरचेसुद्धा. फिजिक्स शिकवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. धंद्यातही त्यांची नजर तेवढीच तेज होती. मोबाइल नुकते खेड्यापाड्यांत पोचत होते, तेव्हाच त्यांनी मोठ्या फलकावर लिहून घेतलं: 'रोजची हजेरी, रोज पालकांच्या मोबाइलवर.' रेणापूरचा शेतकरी असो की धर्माबादचा व्यापारी, आपलं लेकरू वर्गात बसलं की नाही हे त्याला घरबसल्या कळणार. त्या एका ओळीवर त्या वर्षी किती प्रवेश झाले असतील, ते सरांनाच ठाऊक.

यासाठी पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं प्रोग्रॅम लिहून दिला होता. ऑफिसच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता, त्याला केबलनं जोडलेला सिमकार्डवाला मोडेम. हजेरी भरली की प्रोग्रॅम एकेका पालकाचा निरोप त्या मोडेमकडे द्यायचा आणि मोडेम तो हवेत सोडायचा. मजकूर ठरलेला होता: 'आपली पाल्य कु. अमुक अमुक आजच्या वर्गाला हजर होती.' किंवा 'हजर नव्हती.' मोबाइलवर तेव्हा मराठी दिसत नसे, म्हणून हे सगळं इंग्रजी अक्षरांत जायचं. मला या कॉम्प्युटरची, उत्तरपत्रिका तपासायच्या मशीनची आणि प्रिंटरची देखभाल करायला ठेवलं होतं. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, तो कंपनी बघेल, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तक्रारी सुरू झाल्या त्या नांदेडच्या. तिथल्या शाखेचे प्रमुख रोज संध्याकाळी फोन करायचे. "मॅडम, एक पालक विचारून राहिलेत, 'आपली पाल्य कु.' म्हणजे काय? पुढं काहीच न्हाई." दुसऱ्या दिवशी कुणाला नुसतं 'आपली' आलेलं. कुणाला मुलीचं नाव निम्मं. कुणाला काहीच नाही. लातूरची एकही तक्रार नव्हती.

"नांदेडचं नेटवर्क खराब आहे," सर म्हणाले.

"नांदेडला नेटवर्क इश्यू असणार," पुण्याचा प्रोग्रॅमर म्हणाला.

"सर, नेटवर्क गेलं तर अख्खा निरोप जातो," मी म्हणाले. "टॉवर काही मधेच शब्द तोडत नाही. आणि निरोप तर सगळे लातूरवरूनच निघतात."

"मग तुम्हीच सांगा कशानं तुटतो."

मला सांगता येत नव्हतं, कारण प्रोग्रॅम बघायला मिळत नव्हता. दिसायची ती फक्त त्यानं लिहून ठेवलेली नोंद, तिला लॉग म्हणतात. त्यात प्रत्येक निरोपासमोर 'सेंट' असं लिहिलेलं. निम्म्या निरोपासमोरही 'सेंट', न पोचलेल्यासमोरही 'सेंट'. ती नोंद मी पुण्याला पाठवली की पुणेकर म्हणायचा, "बघा मॅडम, सगळं सेंट आहे." मी म्हणायचे, "अहो, पालक म्हणतात आलं नाही." तो म्हणायचा, "पण सेंट आहे ना." या संभाषणातून बाहेर पडायला दारच नव्हतं.

शेवटी एका पालकानं सरांना वर्गाबाहेर गाठून चार माणसांत सुनावलं, तेव्हा सरांनी पुण्याला आवाज चढवून फोन केला आणि मला प्रोग्रॅमचा कोड मिळाला. तोही 'फक्त बघण्यासाठी'.

मी चहाचा कप बाजूला ठेवून वाचायला बसले, आणि चहा निवायच्या आत मला ती ओळ सापडली.

इथं थोडं समजावून सांगते, अवघड नाही. प्रोग्रॅमला मोडेमकडे काही द्यायचं असलं, की तो 'राइट' नावाची हाक मारतो: ही शंभर अक्षरं घे. मधे एक छोटी साठवण असते, तिला बफर म्हणतात. मोडेम हळू असतो, म्हणून अक्षरं आधी बफरमध्ये पडतात आणि तिथून मोडेम ती सावकाश उचलतो. बफर भरला तर काय करायचं, याच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे जागा होईपर्यंत प्रोग्रॅमनं थांबून राहायचं. दुसरी म्हणजे अजिबात थांबायचं नाही. जेवढं मावेल तेवढं ठेवायचं आणि लगेच परत यायचं. या दुसऱ्या तऱ्हेला नॉन-ब्लॉकिंग म्हणतात, आणि पुण्याच्या प्रोग्रॅमनं मोडेम तसाच उघडला होता. त्यात वाईट काही नाही. फक्त मग परत आलेलं उत्तर बघावं लागतं. 'राइट' प्रत्येक वेळी सांगतं, किती अक्षरं घेतली. शंभर दिली आणि साठ घेतली, तर साठ सांगतं. उरलेली चाळीस पुन्हा देणं हे तुमचं काम. काहीच घेता आलं नाही, तर उणे एक सांगतं आणि सोबत कारण देतं. बफर भरलेला असेल तर कारणाचं नाव 'ईअगेन', म्हणजे आत्ता जागा नाही, जरा वेळानं पुन्हा ये. त्याला एरर म्हणतात खरं, पण ते नकार देणं नसतं.

पुण्याच्या माणसानं हे उत्तर बघितलंच नव्हतं. राइटची हाक मारली की पुढची ओळ 'सेंट' लिहून मोकळी. साठ गेली काय, शून्य गेली काय, त्याच्या लेखी सगळं पोचलं. वर आणखी एक. प्रत्येक निरोपानंतर 'संपलं' अशी एका अक्षराची खूण वेगळी पाठवावी लागायची. निम्मा मजकूर बफरबाहेर राहिला, तरी तेवढ्यात एका अक्षरापुरती जागा झालेली असायची आणि ती खूण बरोबर आत शिरायची. मोडेमला वाटायचं निरोप पुरा झाला, आणि तो इमानानं निम्मा निरोप पाठवून द्यायचा.

नांदेडचंच का, हेही मग उलगडलं. लातूरची हजेरी वर्गागणिक भरली जायची, थोडी थोडी. बफर भरायची वेळच येत नसे. नांदेडची हजेरी टेलिफोन लाइनवरून दुपारी एकगठ्ठा यायची आणि एकदम मोडेमवर आदळायची. पहिले काही निरोप धड, मग सगळी कत्तल.

मी कोडची एक नक्कल काढून त्यात राइटचं उत्तर छापून घ्यायची सोय केली आणि एक दुपार बघत बसले. आकडे सुरुवातीला पुरे होते, मग घसरायला लागले, आणि मग उणे एक, उणे एक, उणे एक. मी तो कागद प्रिंटरमधून फाडून सरांच्या केबिनमध्ये अक्षरशः पळत गेले.

सरांनी तो नीट बघितला. कळलं त्यांना, लगेच. "म्हणजे कंपनीची चूक."

"हो सर. मी दुरुस्त करते. थोडंच काम आहे."

त्यांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलत गेला. फोन ठेवून म्हणाले, "तुम्ही कोडला हात लावलात?"

"नकलेला, सर."

"ते म्हणतात कोडला हात लावला की गॅरंटी संपली. पुढं काही बिघडलं तर ते बघणार नाहीत. मॅडम, तुम्ही उद्या लग्न करून गेलात, तर मी काय करू?"

"पण सर, ते आत्ताही काही बघत नाहीयेत."

"राहू द्या. पुढच्या व्हर्जनमध्ये करतो म्हणालेत."

मी जागेवर येऊन बसले. चूक कुठं आहे ते ठाऊक आहे, ती कशी काढायची ते ठाऊक आहे, आणि रोज दुपारी नांदेडचे निरोप माझ्या डोळ्यांदेखत तुटत आहेत. शाखेच्या प्रमुखांचा संध्याकाळचा फोन यायचा आणि मी म्हणायचे, "पुढच्या व्हर्जनमध्ये होईल."

त्या 'सेंट' शब्दाचा मला इतका राग का यायचा, त्याला घरचं एक कारण होतं. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते. आमच्या घराची मागची भिंत गेली, माणसं वाचली. आम्ही शाळेच्या मैदानावर ताडपत्रीखाली राहत होतो. टेलिफोन बंद होते. वडील पोस्टात जाऊन दिवसभर रांगेत उभे राहिले आणि नांदेडच्या मावशीला तार करून आले: सगळे सुखरूप. पावती खिशात घालून ते निर्धास्त झाले. तार केली ना, मग पोचली. ती पोचलीच नाही. मावशी रेडिओवर मेलेल्यांचे आकडे ऐकत राहिली आणि शेवटी मिळेल त्या गाडीनं लातूरला आली. मैदानावर आईला बघितलं आणि खालीच बसली. आधी रडली, मग वडिलांवर इतकी चिडली की विचारू नका. "भाऊजी, तुमाला एक तार करता येईना का?" वडील तिला ती पावती दाखवत राहिले. "केली की हो, ही बघा, केली." मावशीनं पावतीकडं बघितलंसुद्धा नाही.

पोळा झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून फोन आला. या वेळी शाखेच्या प्रमुखांचा आवाज वेगळा होता. धर्माबादचे एक पालक ऑफिसात येऊन बसले आहेत, उठायला तयार नाहीत, त्यांची मुलगी दवाखान्यात आहे. सरांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही जाऊन या. टेक्निकल माणूस बघितला की शांत होतील. नेटवर्कचा प्रॉब्लेम होता, एवढंच सांगा."

मी एसटीनं नांदेड गाठलं. स्टँडवरून रिक्षा करून शाखेत गेले. बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, कपड्यांना मिरचीचा वास. धर्माबादला त्यांची मिरचीची आडत होती.

"बसा ना, आत बसू," मी म्हणाले.

"बसूनच हाय म्या सकाळपासून." त्यांनी खिशातून मोबाइल काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला. "हे वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. 'आपली पाल्य कु.', पुढं मुलीचं नाव, 'आजच्या वर्गाला हजर'. तिथं संपलं होतं.

"हजर हाय, आसंच लिव्हलंय ना?" ते म्हणाले. "मंग म्या कशाला फिकीर करू? हिची माय म्हणून राहिली होती, दोन दिवस झाले पोरीचा फोन न्हाई, जाऊन बघा. म्या म्हणलं, गप बस, पोरगी वर्गात हाय, ही बघ चिठ्ठी आली. आन पोरगी तिकडं खोलीत तापानं फणफणून पडलेली."

हळूहळू सगळं कळलं. खोलीतल्या बाकीच्या मुली पोळ्याला गावी गेल्या होत्या. हिला ताप आला. घरमालकिणीला वाटलं, ही क्लासला जाते, येते. मुलगी आदल्या दिवशीही वर्गात नव्हती, त्या दिवशी वडिलांना काहीच निरोप गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी हा गेला. डबे जसेच्या तसे परत यायला लागले, तेव्हा मेसवाल्या मावशींनी दार वाजवलं. मुलीला उठून कडी काढता येईना. शेजारच्यांनी खिडकीतून हात घालून दार उघडलं. टायफॉइड निघाला.

शाखेचे प्रमुख मधेच म्हणाले, "काय झालं, नेटवर्कचा जरा..."

"नेटवर्क नव्हतं," मी म्हणाले. कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक. "पुढं 'नव्हती' असा शब्द होता. हजर नव्हती. तो शब्द तुटला. आमच्याकडच्या मशीनमध्ये तुटला."

प्रमुखांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच तो तोडला होता.

"तुटला?" ते गृहस्थ म्हणाले. "शब्द काय दोरी हाय का तुटायला? काऊन तुटला?"

"मशीनला आपण म्हणतो, एवढं सगळं घे. त्याच्याकडं जागा कमी होती. त्यानं निम्मं घेतलं आणि तसं सांगितलंही. पण ते सांगणं ऐकायची सोयच प्रोग्रॅममध्ये केली नाही. उरलेलं परत द्यायला पाहिजे होतं, ते दिलंच नाही."

त्यांनी माझ्या हातून मोबाइल परत घेतला. "तुमाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"कवापासून?"

"महिना होत आला."

"मंग?"

मी गॅरंटीचं सांगणार होते. मुलगी दवाखान्यात असलेल्या माणसाला गॅरंटी काय सांगायची? मी म्हणाले, "दुरुस्त करू दिलं नाही." हे खरं होतं, आणि त्या खोलीत ते अगदीच पोकळ वाटलं.

ते उठले. भांडले नाहीत. "चला," म्हणाले, "पोरीला तरी बघा."

दवाखाना जवळच होता. सोळा-सतरा वर्षांची बारीक मुलगी, हाताला सलाइन. उशाशी तिची आई बसलेली. मुलीनं मला क्लासच्या ऑफिसमधली म्हणून ओळखलं नाही, वडिलांनी सांगितलं. तशी ती एकदम धडपडून उठायला लागली.

"मॅडम, माझी गैरहजेरी लागली का? रविवारच्या टेस्टचं काय?"

"पडून राहा गं," मी म्हणाले.

"न्हाई, पण रँक खाली जाईल ना."

तिच्या आईनं तिला खांद्याला धरून परत निजवलं आणि माझ्याकडं पाठ करून बसली. वडील खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी थोडा वेळ थांबले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये उभं केलं. "तुम्हाला नेटवर्क सांगा म्हणालो होतो."

"ते खोटं होतं, सर."

"खरं-खोटं नंतर. त्या माणसानं उद्या पेपरात दिलं म्हणजे?" ते येरझाऱ्या घालत होते. पण ते घाबरलेही होते, आणि नुसते पेपराला नाही. त्यांनाही मुलगी होती. "आता उपाय काय?"

"मला कोड दुरुस्त करू द्या."

ते थांबले. खडू हातात असल्यासारखी बोटं चोळली. "शब्दांचा क्रम बदला. 'गैरहजर' आधी टाका. मग मागून काय तुटायचं ते तुटू द्या. त्याला कोड बदलावा लागत नाही, मजकूर तर आपणच भरतो."

डोकं होतं माणसाकडं, ते नाकारता येत नाही. पण मला इतका संताप आला की मी तडक बाहेर आले. निरोप तुटणार हे मान्य करून, तो सोयीच्या जागी तुटावा अशी व्यवस्था करायला निघाले होते. मी मजकूर बदलला. 'गैरहजर: आपली पाल्य कु.' असा.

आठवडाभर शांतता होती. मग नांदेडच्या एका पालकाचा फोन आला. त्यांच्या दोन सख्ख्या मुली आणि एक पुतणी, तिघी आमच्याकडे. त्यांना आलं होतं: 'गैरहजर: आपली पाल्य कु.' कोणती ते तुटलं होतं. त्यांनी पोरींना फोन लावले, एकीचाही लागेना, कारण तिघी वर्गात होत्या. चौथ्याच कुणा मुलीचे वडील नंबर देताना चुकले होते, म्हणून तिचा निरोप यांना गेला होता. तो माणूस अर्ध्या रस्त्यापर्यंत येऊन परत गेला, आणि फोनवर त्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याच सुमारास पुण्याचं 'पुढचं व्हर्जन' आलं. प्रोग्रॅमर उत्साहात होता. "मॅडम, आता उत्तर चेक करतोय. एरर आला की परत पाठवतो, जाईपर्यंत." मी प्रोग्रॅम चढवला. दुपारी नांदेडची हजेरी आली आणि कॉम्प्युटर गोठला. माउस हलेना. त्याच कॉम्प्युटरवर चाललेली रविवारच्या उत्तरपत्रिकांची तपासणी अडकली. बफर भरला की हा प्रोग्रॅम न थांबता पुन्हा पुन्हा राइट करत सुटायचा, सगळी ताकद त्यातच जायची. जरा वेळानं ये म्हणून सांगणाऱ्याच्या दारावर हा धडाधडा थापा मारत बसायचा. दोन दिवसांनी झाडताना मोडेमची केबल निसटली. तो एरर वेगळा होता, मोडेमच राहिला नाही असं सांगणारा. तिथं थांबून ओरडायला पाहिजे होतं. पण यानं तोही 'परत पाठवा' मध्येच मोजला आणि दुपारभर निसटलेल्या केबलला निरोप देत राहिला.

"आमच्याकडे तर..." प्रोग्रॅमर सुरू झाला.

मी फोन सरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "सर, आता एक तर मला हात लावू द्या, नाहीतर मी उद्यापासून येत नाही."

सरांनी फोन ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "करा काय करायचं ते."

काम खरंच थोडं होतं. राइट किती घेतलं ते बघायचं. कमी घेतलं असेल तर उरलेलं लक्षात ठेवायचं. जागा नाही म्हणालं, तर सिस्टिमला सांगून ठेवायचं, की जागा झाली की उठव, आणि तोवर शांत बसायचं. उठवलं की जिथं सोडलं तिथून पुढं द्यायचं. पुरा मजकूर गेल्याशिवाय 'संपलं'ची खूण द्यायची नाही. आणि दुसरा कुठलाही एरर आला, तर थांबून स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत सांगायचं. मोडेमनं निरोप गेला असं कळवल्याशिवाय 'सेंट' हा शब्द लिहायचा नाही, हे मी माझ्या मनानं घातलं. त्या दुपारी नांदेडची हजेरी आली, आणि निरोप एकामागून एक, सावकाश, पुरेच्या पुरे बाहेर पडले. संध्याकाळी शाखेच्या प्रमुखांचा फोन आला नाही. मीच केला. "आज काही?" "आज काय न्हाई, मॅडम." मला वाटलं होतं मला फार आनंद होईल. मी नुसती थकले होते.

आणि दोनच दिवसांनी सर म्हणाले, "नांदेडचे निरोप फार उशिरा जाऊन राहिलेत. शेवटच्या पालकाला पाच वाजता मिळतो. आधी तर लगेच संपायचं."

"आधी निम्मे जातच नव्हते, सर. म्हणून लगेच संपायचं."

"ते ठीक आहे. पण जरा फास्ट करता येईल का?"

मी त्यांना दुसरा मोडेम घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतला नाही.

ती धर्माबादची मुलगी बरी झाली. क्लासला परत आली नाही. तिचे वडील सामान न्यायला आले, त्या दिवशी मी नेमकी नांदेडला होते. गादी, पुस्तकांची खोकी, बादली, सगळं टेंपोत चढवून झाल्यावर ते माझ्याकडं आले. "झालं का दुरुस्त?" विचारलं. मी हो म्हणाले. "बरं झालं," म्हणाले. "मपल्या पोरीला आता तिथंच शिकवतो, धर्माबादला. डोळ्यापुढं राहील." मी विचारलं, तिला काय वाटतं? त्यांनी तोंड फिरवलं. "बोलून न्हाई राहिली ती. डाक्टर व्हायचं होतं ना तिला." टेंपो गेला. पुढं ती बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, एवढं मला शाखेतून कळलं. त्यापुढचं ठाऊक नाही.

दिवाळीनंतर पुण्याहून आणखी एक नवं व्हर्जन आलं, फीच्या पावत्यांची सोय असलेलं. सरांनी ते मी सुट्टीवर असताना दुसऱ्या कुणाकडून चढवून घेतलं. मी परत आले तेव्हा टेबलावर नांदेडचा निरोप वाट बघत होता: पालक विचारतात, 'आपली पाल्य' म्हणजे काय. माझी दुरुस्ती पुसली गेली होती. मी पुण्याला फोन करून म्हणाले, अहो, मी पाठवलेला बदल तुमच्या मूळ कोडमध्ये घ्या की. तो म्हणाला, "मॅडम, बाकी कुठल्याच क्लासची कम्प्लेंट नाहीये."

मी बसले आणि पुन्हा सगळं घातलं. त्याच्या पुढच्या व्हर्जनला पुन्हा. तोपर्यंत मला ते न बघता टाइप करता यायला लागलं होतं. दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडून नांदेडला तंत्रनिकेतनात शिकवायला गेले. जाताना माझ्या जागी आलेल्या मुलाला सगळं समजावून सांगितलं, कोड दाखवला, राइटचं उत्तर का बघायचं ते सांगितलं. तो मान हलवत होता. मग पुण्याहून आलेलं नवं व्हर्जन उघडून म्हणाला, "पण मॅडम, लॉगमध्ये तर सगळं सेंट दाखवतंय की."